जयघोष आणि इयादत : खेळाडूचा कर्करोग आणि त्याचे चाहते

फेब्रुवारी २०१२ मध्ये युवराज सिंगला कर्करोग झाल्याची बातमी आली, तेव्हा वानखेडेवरच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला पुरते वर्षही झाले नव्हते. २ एप्रिल २०११ च्या त्या रात्री धोनीने षटकार मारला तेव्हा समोरच्या टोकाला युवराजच उभा होता. त्या स्पर्धेत त्याने ३६२ धावा केल्या होत्या, १५ बळी घेतले होते, चार सामन्यांत सामनावीर ठरला होता आणि मालिकावीरही तोच होता. चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्ध ११३ धावा करताना तो मैदानावरच ओकला, हे लाखो लोकांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले होते. उन्हाचा त्रास असेल, असे सर्वांनी धरून चालले. पुढे कळले की त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठ होती. वय होते अवघे तीस.

बातमी आल्यावर देशभर जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पूजा, अरदास, दुआ, ज्याला जे येत होते ते त्याने केले. पानाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या कट्ट्यापर्यंत विषय एकच होता. मोहल्ल्यातली पोरे जुम्याच्या नमाजानंतर युवराजची चौकशी करीत होती. या भावनेत खोटे काही नव्हते, हे आम्ही आधीच नोंदवून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहोत ते चाहत्यांची टिंगल करण्यासाठी नाही. ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याच्याशी आपले रक्ताचे, धर्माचे वा गावाचे नाते नाही, त्याच्या आजाराने माणसाच्या घशात घास अडकतो, ही माणुसकीचीच खूण आहे. परंतु भावना खरी असली म्हणजे तिची भाषाही खरी असते, असे नाही. खेळाडूच्या कर्करोगावर जी पुस्तके आणि चित्रपट निघाले, त्यांनी चाहत्यांच्या हाती कोणती भाषा दिली आणि त्या भाषेने काय झाकून टाकले, हे तपासावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे कर्करोगाची गोष्ट सांगण्याची एक रीत १९७१ च्या 'आनंद' या हिंदी चित्रपटाने घालून दिली. मरणाच्या दारात असलेला तरुण, तो स्वतः हसतो आणि दुसऱ्यांना रडवतो. त्याच्याभोवती सर्व धर्मांची माणसे गोळा होतात. जॉनी वॉकर यांनी उभा केलेला ईसाभाई सुरतवाला आपल्या वाचकांच्या खास स्मरणात असेल. या चित्रपटाने रोग्याला एक भूमिका नेमून दिली: त्याने आनंदी असले पाहिजे. त्याच्या वेदनेचा भार त्यानेच पेलायचा आणि वर आपल्यालाही धीर द्यायचा.

गंमत अशी की त्याच १९७१ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी 'ब्रायन्स साँग' हा चित्रपट निघाला. शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघातला गोरा खेळाडू ब्रायन पिकोलो आणि त्याचा काळा सहकारी गेल सेअर्स यांची ही कथा सेअर्सच्या 'आय ॲम थर्ड' या १९७० च्या आत्मकथनावर आधारलेली होती. दोघे एकाच जागेसाठी खेळणारे, म्हणजे एका अर्थी प्रतिस्पर्धी. संघाने १९६७ मध्ये त्यांना दौऱ्यावर एका खोलीत ठेवले. काळा आणि गोरा खेळाडू एका खोलीत राहणे त्या काळी तिथे नवलाचे होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये अटलांटाच्या सामन्यात पिकोलोला खोकल्याने आणि धापेने खेळवेना, तो स्वतःहून मैदानाबाहेर आला. तपासात छातीत गाठ निघाली. १६ जून १९७० रोजी तो वारला. वय सव्वीस.

आम्हांला या कथेतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ती मित्राने सांगितलेली आहे. गर्दीने नव्हे आणि रोग्यानेही नव्हे. पिकोलो आजारी असताना सेअर्सला धैर्याबद्दलचा एक पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना त्याने, याचा खरा हक्कदार ब्रायन आहे, अशा अर्थाचे भाषण केले. मित्र रोग्याच्या खोलीत बसलेला असतो. त्याला ओकारीचा वास येतो, चिडचिड दिसते, गप्प बसण्याचे तास माहीत असतात. म्हणून त्याच्या सांगण्यात रोग्याचा पुतळा होत नाही. चित्रपटाने अर्थातच अश्रूंचा पुरेपूर वापर केला, आणि काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नाची धारही दोघांच्या गोड मैत्रीत बरीचशी बोथट करून टाकली. तरीही मूळ नजर मित्राची राहिली, हे त्याचे बळ.

आता पिकोलो आणि युवराज यांना शेजारी ठेवून पाहा. दोघेही तरुण, दोघांनाही खोकला आणि धाप, दोघांचीही गाठ छातीत. वैद्यकाच्या भाषेत दोन्ही गाठी जननपेशींच्या गटातल्या. हा तोच गट, ज्यातला वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने पंधरा ते पस्तीस या वयातल्या पुरुषांना होतो. गाठींची पोटजात वेगळी होती आणि युवराजची पोटजात उपचारांना अधिक दाद देणारी होती, हे खरेच. पण त्याहून मोठा फरक मधल्या बेचाळीस वर्षांत पडला होता. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांबरोबर वापरून पाहिले. तोपर्यंत शरीरभर पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगातून शंभरांतले दहाच्या आसपास रुग्ण वाचत. त्यानंतर ते प्रमाण ऐंशीच्या आसपास गेले. कर्करोगाच्या इतिहासात इतका मोठा पालट क्वचितच झाला असेल. युवराज २०१२ मध्ये इंडियानापोलिसला याच आइनहॉर्न यांच्याकडे गेला, केमोथेरपीची तीन आवर्तने घेतली आणि एप्रिलमध्ये परतला.

म्हणजे पिकोलो मेला आणि युवराज जगला, यात धैर्याचा फरक नव्हता. पिकोलोच्या वेळी ते औषध कोणाच्या हातात नव्हते, एवढेच. ही साधी गोष्ट आपण पुढे वापरतो त्या भाषेला पेलत नाही. आपण म्हणतो, 'त्याने कर्करोगाला हरवले', 'तो लढवय्या होता', 'त्याने हार मानली नाही'. वृत्तपत्रांचे मथळे याच शब्दांनी भरलेले होते आणि मैदानावरचे फलकही. मग जो मेला त्याने काय केले? तो नीट लढला नाही? त्याने हार मानली? आपल्या घराघरांत कर्करोगाने गेलेली माणसे आहेत. कोणाची आई गेली, कोणाचा तरणाताठा भाऊ गेला. त्यांच्या घरच्यांनी हे शब्द ऐकताना मनात काय आणायचे? विजयाची भाषा जिवंत माणसाचे कौतुक करते आणि नकळत मेलेल्यावर ठपका ठेवते.

ही भाषा जगभर पोचवणारे पुस्तक म्हणजे अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचे 'इट्स नॉट अबाउट द बाइक' (२०००). ऑक्टोबर १९९६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याच्या वृषणाचा कर्करोग उघडकीस आला, तेव्हा तो फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. उपचार त्याच इंडियाना विद्यापीठात झाले. तो बरा झाला आणि १९९९ पासून ओळीने सात वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकला. लेखनाच्या दृष्टीने त्याचे पुस्तक चांगले आहे, हे मान्य करायला हवे. सॅली जेन्किन्स या क्रीडापत्रकार बाईंच्या सहकार्याने ते लिहिले गेले. शरीराबद्दल इतक्या उघडपणे बोलणारे खेळाडूचे पुस्तक तोवर सामान्य वाचकाच्या हाती क्वचितच पडले होते. दुखणाऱ्या, सुजलेल्या अवयवाकडे तरुण पुरुष कसे दुर्लक्ष करतो, हे त्यात स्पष्ट येते. किती तरुण ते वाचून वेळेवर डॉक्टरकडे गेले असतील.

पण पुस्तकाचा गाभा असा की रोगाने त्याला अधिक मोठा खेळाडू बनवले. दुःखातून बळ आणि बळातून विजय, अशी ती सरळ चढण आहे. २००४ पासून त्याच्या संस्थेच्या पिवळ्या रबरी पट्ट्या कोट्यवधी मनगटांवर आल्या. मग २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या चौकशीचा अहवाल आला, सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने जाहीर कबुली दिली. इथे चाहत्यांची खरी पंचाईत झाली. ज्या कर्करोगी माणसाने केमोच्या रात्री ते पुस्तक उशाशी ठेवले होते, त्याने आता काय करायचे? कर्करोग खरा होता, उपचार खरे होते, बरे होणेही खरे होते. खोटे होते ते शर्यतीतले जिंकणे. परंतु पुस्तकाने दोन्ही गोष्टी एका दोरीत इतक्या घट्ट ओवल्या होत्या की एक मणी फुटताच सगळी माळ विस्कटली. आमच्या मते हा केवळ एका माणसाच्या खोटेपणाचा प्रश्न नाही, तो त्या कथेच्या घाटाचा दोष आहे. बरे होण्याचे मोल जिंकण्यावर टांगले की ते जिंकण्याबरोबरच कोसळते.

युवराजने आजारपणात आर्मस्ट्राँगचेच पुस्तक वाचले होते. त्याचे स्वतःचे 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' २०१३ मध्ये, म्हणजे त्या कबुलीच्या वर्षीच प्रसिद्ध झाले. शारदा उग्रा आणि निशांत जीत अरोरा यांनी त्याला लेखनात साथ दिली. उपशीर्षकाचा अर्थ 'क्रिकेटकडून कर्करोगाकडे आणि परत' असा होतो. आर्मस्ट्राँगच्या उपशीर्षकातही 'परत' आहेच. हा 'परत' शब्द आम्हांला थांबायला लावतो. पुस्तक उघडण्याआधीच वाचकाला हमी मिळते की घाबरू नका, हा माणूस मैदानावर परतणार आहे. चाहत्याला जे हवे असते ते नेमके हेच. त्याला रोगी नको असतो, त्याला आपला खेळाडू परत हवा असतो.

तरीही हे पुस्तक आर्मस्ट्राँगच्या पुस्तकापेक्षा एका बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. त्यात भीती आहे. खोकला आणि रक्त दिसत असतानाही महिनोन् महिने रोग नाकारत राहणे, खेळण्याचा हट्ट, केस गेल्यावरचा आरसा, आईचे सोबत असणे, रडणे या गोष्टी तो लपवत नाही. वडील योगराज सिंग स्वतः भारतासाठी खेळलेले आणि मुलाला कठोर शिस्तीत वाढवणारे. वेदना दाखवू नये हे ज्याला लहानपणी शिकवले गेले, तो मोठेपणी छातीतल्या वेदनेकडे दुर्लक्ष करतो, हा धागा पुस्तकात आहे. तो आणखी ताणला असता तर हे पुस्तक फार मोठ्या उंचीवर गेले असते. पण मैदान पुन्हा दिसू लागताच लेखन सैल पडते आणि आपण ओळखीच्या रस्त्याला लागतो. आजाराने शरीरात आणि मनात जे कायमचे बदलले, त्याची विचारपूस करायला पुस्तकाला सवड होत नाही.

ही विचारपूस करण्यासाठी आपल्याकडे एक शब्द आहे: इयादत. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत आजाऱ्याची इयादत येते. आणि ती आपल्यांपुरती नाही, पैगंबर मुहंमद (स.) एका आजारी यहुदी मुलाच्या इयादतीला स्वतः गेल्याची रिवायत सहीह बुखारीत आहे. इयादतीचे काही अदब आपल्या घरांत वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असतात. थोडा वेळ बसावे, आजाऱ्याला थकवू नये, शिफाची दुआ करावी, धीराचे चार शब्द बोलावेत आणि निघावे. त्याच्याकडून काही मागू नये. हसून दाखव, बरा होऊन दाखव, असे सांगू नये. सब्र म्हणजे गप्प राहणे, अशी एक समजूत आपल्यात आहे. परंतु ज्या हजरत अय्यूब (अ.) यांचा सब्र आपण उदाहरण म्हणून सांगतो, त्यांनीही आपली व्यथा आपल्या रबपुढे बोलून दाखवली, हे कुराणातच आहे. तेव्हा कण्हणारा रोगी सब्र सोडून बसला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आमच्या मते इयादत ही केवळ धार्मिक रीत नाही, खेळाडूच्या आजारावरचे लेखन जोखण्याची ती एक चांगली कसोटीही आहे. लेखक आजाऱ्याजवळ बसला आहे की त्याच्याकडून काही मागायला आला आहे, हे तिने लगेच कळते. याच कसोटीवर काही चाहते अगदी निरक्षर असूनही उत्तीर्ण होतात. मार्च २०११ मध्ये बार्सिलोनाचा फ्रेंच बचावपटू एरिक अबिदाल याच्या यकृतात गाठ निघाली. त्या आठवड्यात माद्रिदच्या मैदानावर रेआल माद्रिद आणि लियों हे दोन्ही संघ त्याला धीर देणारे शब्द छापलेले सदरे घालून उतरले. रेआल आणि बार्सिलोना यांचे वैर ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. बार्सिलोनाच्या पुढच्या सामन्यात बाविसाव्या मिनिटाला सारे मैदान टाळ्या वाजवत उभे राहिले, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा २२ होता. पुढल्या वर्षी इंग्लंडमधल्या ॲस्टन व्हिला संघाचा बल्गेरियन कर्णधार स्टिलियन पेट्रोव्ह याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा तिथले प्रेक्षक प्रत्येक सामन्यात एकोणिसाव्या मिनिटाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिले. पेट्रोव्ह पुन्हा व्यावसायिक सामने खेळला नाही, मे २०१३ मध्ये निवृत्त झाला. एक मिनिट उभे राहायचे, टाळ्या वाजवायच्या, खाली बसायचे. त्यात रोग्याकडे काही मागणे नाही. ही आम्हांला इयादतीच्या फार जवळची गोष्ट वाटते.

अबिदालची पुढची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ मे २०११ रोजी, तो वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला आणि कर्णधार पुयोलने दंडावरची पट्टी त्याला बांधून चषक त्याच्या हातांनी उचलायला लावला. हे छायाचित्र जगाने पाहिले. एप्रिल २०१२ मध्ये चुलतभावाने दिलेल्या यकृताच्या भागाचे रोपण झाले, त्यानंतर वर्षभराने तो पुन्हा मैदानात उतरला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात क्लबने त्याचा करार वाढवला नाही. निरोप घेताना तो रडला. हे दुसरे छायाचित्र फार थोड्यांच्या भिंतीवर लागले. अबिदालने तरुणपणी इस्लाम स्वीकारला होता, त्यामुळे आपल्याकडे काहींना त्याच्याबद्दल खास जवळीक वाटते. ती वाटायला हरकत नाही. परंतु 'तो आपला म्हणून बरा झाला' इथवर कोणी गेले, तर तोही एक जयघोषच झाला, फक्त झेंडा आपला. शिफा देणारा अल्लाह आहे, आणि त्याची शिफा शल्यचिकित्सकाच्या आणि दात्याच्या हातांतूनही येते. अल्लाहने असा कोणताही रोग उतरवला नाही ज्याचे औषध उतरवले नाही, हा हदीसचा आशय आपल्याला औषधाकडे जायला सांगतो, टोळीकडे नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिकडे येतो. युवराज सप्टेंबर २०१२ मध्ये चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा खेळला, ३४ धावा केल्या, भारत एका धावेने हरला तरी प्रेक्षक तृप्त होते. त्यानंतर दीड वर्षाने, ६ एप्रिल २०१४ रोजी, ढाक्याला विश्वचषक ट्वेन्टी-२० चा अंतिम सामना होता. युवराजला २१ चेंडूंत ११ धावाच करता आल्या आणि भारत श्रीलंकेकडून हरला. त्या रात्री त्याच्या चंदीगडच्या घरावर दगड फेकले गेल्याच्या बातम्या आल्या. दोन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी देशाने हात जोडले, पसरले आणि उचलले होते, त्याच माणसाच्या बाबतीत ही वेळ आली. तेव्हाही त्याच्या शरीरातून केमोथेरपी जाऊन फार काळ लोटला नव्हता. पण 'परत' या शब्दाचा करार असाच असतो. तू परत ये, आम्ही रडू. परत आलास, आता धावा दे.

आपल्या वाचकांना इथे दुसरे एक घर आठवल्याशिवाय राहणार नाही. १३ जुलै २००२ रोजी लॉर्ड्सवर ३२६ धावांचा पाठलाग करताना भारताचे पाच गडी १४६ धावांत बाद झाले होते. तेव्हा वीस वर्षांचा युवराज आणि एकवीस वर्षांचा मोहम्मद कैफ यांनी १२१ धावांची भागी केली. युवराज ६९ वर बाद झाला, कैफ ८७ वर नाबाद राहिला आणि अखेरच्या क्षणी त्याच्या जोडीला श्रीरामपूरचा झहीर खान होता. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांत, २००३ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाकडून एक सामना हरल्यावर, कैफच्या अलाहाबादच्या घराला काळे फासले गेले. लॉर्ड्सवरची ती जोडी आणि तिच्या दोन्ही घरांचे हे नशीब. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर संघातल्या अकरा जणांतून एकट्या मोहम्मद शमीला शिव्या आणि निष्ठेचे प्रश्न वाट्याला आले. शमीच्या वाट्याला आलेले युवराजच्या वाट्याला आले नाही, हा फरक पुसून टाकण्याचे कारण नाही. मुसलमान खेळाडूच्या अपयशाला धर्माचे जादा व्याज लागते, हे आपण जाणतो. पण मुद्दल दोन्हीकडे एकच आहे. गर्दीचे प्रेम अटींवर असते. आपल्याला त्या अटी लवकर दिसतात, कारण त्या आपल्याला आधी लागू होतात. म्हणून युवराजच्या घरावरचा दगड आपल्याला अधिक नीट ओळखता यायला हवा, आणि तो पाहून 'बरे झाले, आता कळेल' असे म्हणण्याचा मोह आपण टाळायला हवा.

गर्दी नेहमी अशीच वागते, असेही नाही. जुलै २०२२ मध्ये आयव्हरी कोस्टचा आघाडीपटू सेबास्तियन आलेर जर्मनीतल्या डॉर्टमुंडला नव्याने दाखल झाला आणि लगेच त्याला वृषणात गाठ असल्याचे निदान झाले. उपचार घेऊन तो परतला आणि ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे जागतिक कर्करोग दिनीच, त्याने संघासाठी पहिला गोल केला. कथा इथे संपली असती तर ती नेहमीचीच झाली असती. पण त्याच वर्षी २७ मे रोजी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, त्याची पेनल्टी वाया गेली. सामना बरोबरीत सुटला आणि हातातोंडाशी आलेले विजेतेपद गेले. तरीही डॉर्टमुंडचे प्रेक्षक रडत रडत उभे राहिले आणि संघाला धीर देत राहिले. म्हणजे हरलेल्या दिवशी जवळ बसणे गर्दीलाही जमू शकते. ते शिकावे लागते आणि ते शिकवण्यात पुस्तकांचा वाटा असतो.

मराठीत हे शिकवणारे लेखन कुठे आहे? क्रिकेटवरची आपली बहुतेक पुस्तके विजयाच्या आठवणींनी भरलेली आहेत. कर्करोगावरच्या मराठी अनुभवकथनांत रोगी आहे, डॉक्टर आहे, कुटुंब आहे. चाहता मात्र कुठे सापडत नाही. मुस्लिम मराठी लेखकांनी तर या विषयाकडे पाहिलेलेच आमच्या वाचनात नाही. वास्तविक सामग्री हाताशी आहे. वानखेडेपासून परळ फार लांब नाही. १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर मराठवाड्यातून, खानदेशातून, थेट बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे मुक्काम करून असतात. त्यांत क्रिकेटवेडी पोरेही असतात. त्यांच्यातल्या एखाद्याने युवराजची गोष्ट कशी ऐकली असेल? 'तो बरा झाला, तूही होशील' हे वाक्य त्याला आधार देणारे वाटले की ओझे? इंडियानापोलिसचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा, हे त्याला कळते. पण ज्या सिसप्लॅटिनने गोष्ट फिरवली ते औषध आता जुने झाले आहे, त्यावर कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि परळलाही मिळते, हे त्याला कोणी सांगितले आहे का? खेळाडूच्या पराक्रमापेक्षा ही माहिती त्या पोराच्या अधिक कामाची आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. हा रोग तरुण मुलांना शरीराच्या ज्या भागात होतो, त्याचे नाव काढायला आपल्या घरांत शरम वाटते. आईला सांगवत नाही, वडिलांना तर नाहीच. गाठ दुखत नाही म्हणून महिने जातात. आर्मस्ट्राँगसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूचेही तेच झाले आणि रोग मेंदूपर्यंत गेला. वेळेत पकडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतील, असा हा कर्करोग आहे. शरम ईमानाचा भाग आहे, पण जीव वाचवण्याच्या आड येणारी शरम कोणी शिकवलेली नाही. मोहल्ल्यातल्या क्रिकेट संघाने युवराजचा फोटो लावावाच, फक्त त्याच्याखाली एवढी गोष्ट लिहून ठेवली तर त्या फोटोचे चीज होईल.

युवराज जून २०१९ मध्ये मुंबईत निवृत्त झाला. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये कटकला इंग्लंडविरुद्ध त्याने १५० धावा केल्या, ती त्याची एकदिवसीय सामन्यांतली सर्वांत मोठी खेळी ठरली. ती खेळी झाली याचा आनंद आहेच. पण ती झाली नसती, तो ढाक्याच्या त्या ११ धावांवरच थांबला असता, किंवा २०१२ नंतर त्याने बॅट कधी हातात धरलीच नसती, तरी त्याचे जगणे तितकेच मोलाचे राहिले असते. पिकोलो सव्वीस वर्षांचा होऊन गेला, त्याचेही जगणे कमी मोलाचे नव्हते. खेळाडूच्या कर्करोगावरच्या पुस्तकाने वाचकाला एवढे पटवून द्यावे. 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' ते अर्धेच पटवून देते, बाकीचे अर्धे लिहायचे राहिले आहे. ते चाहत्यालाच लिहावे लागेल, आणि मैदानावरच्या खुर्चीत बसून ते लिहिता येणार नाही. आजाऱ्याच्या खाटेशेजारी थोडा वेळ बसून मगच ते जमेल.